पुठ्ठ्याच्या तुकड्याचे मोल : अमेरिकेतील जुन्या बेसबॉल कार्डांचा इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत अमेरिकेत सिगारेटची पाकिटे पातळ कागदाची असत, ती खिशात दबत आणि आतल्या सिगारेटी मोडत, म्हणून प्रत्येक पाकिटात आधारासाठी जाडसर पुठ्ठ्याचा एक लहान तुकडा घातला जाई. हा तुकडा कोरा ठेवण्यापेक्षा त्यावर एखादे चित्र छापले, त्या चित्रांची मालिका केली आणि मालिकेतील प्रत्येक चित्राला क्रमांक वा नाव दिले, तर ती पूर्ण करण्याच्या ओढीने गिऱ्हाईक पुन्हा त्याच छापाचे पाकीट मागेल, हा हिशेब तंबाखूच्या व्यापाऱ्यांच्या लवकरच ध्यानात आला. नट्या, पक्षी, देशोदेशींची निशाणे, मुष्टियोद्धे अशा नाना विषयांबरोबर बेसबॉलचे खेळाडूही या तुकड्यांवर आले, आणि सव्वाशे वर्षांनंतर ज्या कागदासाठी धनिकांनी कोट्यवधी डॉलर मोजले तो कागद अशा रीतीने बांधणीच्या सामानातून जन्मला.

खेळाडूंची छायाचित्रे त्याआधी विकली जात नव्हती असे नाही. 1860 च्या दशकात ब्रुकलिनच्या अटलांटिक्स या संघाचे छायाचित्र भेटकार्डाच्या आकारात काढलेले आढळते, आणि 1869 साली, ज्या वर्षी सिनसिनाटीचा रेड स्टॉकिंग्ज हा उघडपणे व्यावसायिक असलेला पहिला संघ देशभर फिरला, त्या सुमारास न्यूयॉर्कच्या पेक अँड स्नायडर या क्रीडासाहित्याच्या दुकानाने त्या संघाचे चित्र असलेले जाहिरातीचे कार्ड काढले. मात्र ही एकेकटी चित्रे होती, आणि संग्राहकाला झपाटणारी मालिकेची कल्पना खऱ्या अर्थाने अवतरली ती न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीने 1886 पासून आपल्या ‘ओल्ड जज’ सिगारेटींतून वाटलेल्या कार्डांत. त्या काळचा कॅमेरा धावता खेळाडू टिपू शकत नसे, म्हणून खेळाडूला छायाचित्रकाराच्या खोलीत उभे करून, छताला दोऱ्याने टांगलेला चेंडू तो झेलत आहे किंवा टोलवत आहे असा देखावा उभा केला जाई, आणि काही कार्डांवर तो दोरा आजही स्पष्ट दिसतो. तपकिरी छटेची ही लहानगी छायाचित्रे पुठ्ठ्यावर डकवलेली असत, आणि त्या काळातील कित्येक खेळाडूंचा चेहरा पुढच्या पिढ्यांना माहीत आहे तो याच तुकड्यांमुळे.

तंबाखूच्या धंद्यातील स्पर्धा हेच या कार्डांचे प्राणतत्त्व होते, आणि याचा पुरावा ती स्पर्धा संपली तेव्हा मिळाला. व्हर्जिनियातील जेम्स बॉन्सॅक या तरुणाने सिगारेट वळण्याचे यंत्र शोधून 1881 मध्ये त्याचे पेटंट मिळवले, दहा तासांत लाखाहून अधिक सिगारेटी वळणारे हे यंत्र नॉर्थ कॅरोलायनाच्या जेम्स ड्यूक याने आपलेसे केले, आणि त्या बळावर भाव पाडून त्याने प्रतिस्पर्ध्यांना जेरीस आणले. अखेर 1890 साली गुडविनसह पाच प्रमुख कंपन्या एकत्र येऊन ‘अमेरिकन टोबॅको कंपनी’ स्थापन झाली आणि तिचे सुकाणू ड्यूकच्या हाती गेले. बाजार एकाच मालकाचा झाल्यावर गिऱ्हाइकाला चित्राचे आमिष दाखवण्याचे प्रयोजन उरले नाही, आणि पुढची जवळजवळ दोन दशके बेसबॉल कार्डे फारशी निघालीच नाहीत.

ती पुन्हा निघाली 1909 मध्ये, जेव्हा ड्यूकच्या मक्तेदारीविरुद्ध सरकारने खटला भरलेला होता आणि बाजारात नवे प्रतिस्पर्धी डोके वर काढत होते. 1909 ते 1911 या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने आपल्या पिडमाँट, स्वीट कॅपोरल आदी सोळा छापांच्या पाकिटांतून वाटलेला संच आज ‘टी-206’ या रूक्ष नावाने ओळखला जातो. साधारण दीड इंच रुंद आणि अडीच इंचांहून थोडे उंच असे प्रत्येक कार्ड शिळाछापाने अनेक रंगांत छापलेले असे, भोवती पांढरी चौकट, खाली खेळाडूचे आडनाव व संघाचे नाव आणि पाठीवर सिगारेटच्या छापाची जाहिरात अशी त्याची मांडणी होती. संचात एकूण 524 कार्डे मानली जातात. त्यांतील शंभराहून अधिक दुय्यम लीगच्या, म्हणजे लहान शहरांतील व्यावसायिक संघांच्या, खेळाडूंची आहेत. 1911 साली सर्वोच्च न्यायालयाने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली या कंपनीचे तुकडे केले आणि संचही तेथेच थांबला. छपाईचे सौष्ठव पाहता टी-206 हा अमेरिकन लोकचित्रकलेचा एक उत्तम नमुना ठरतो, कारण त्यातील मावळतीच्या रंगाची आकाशे, सपाट पार्श्वभूमी आणि चेहऱ्यांवरील कोवळी छटा यांना छायाचित्रात न सापडणारी एक शांतता आहे.

या संचाला पुढे जी दंतकथेची प्रभा लाभली ती एका खेळाडूमुळे, किंबहुना त्याच्या नकारामुळे. होनस वॅग्नर हा जर्मन स्थलांतरितांच्या घरात 1874 साली पेनसिल्व्हेनियात जन्मला, कोळशाच्या खाणींच्या परिसरात वाढला, आणि पिट्सबर्ग पायरेट्स संघाचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मधली जागा सांभाळणारा क्षेत्ररक्षक, म्हणून त्याने असा लौकिक मिळवला की 1936 साली बेसबॉलच्या कीर्तिदालनात निवडल्या गेलेल्या पहिल्या पाच जणांत त्याचा समावेश झाला. नॅशनल लीगमध्ये फलंदाजीच्या सरासरीत तो आठ वेळा अव्वल ठरला होता. कंपनीने त्याच्या संमतीसाठी पिट्सबर्गचा क्रीडापत्रकार जॉन ग्रूबर याला मध्यस्थ नेमले व त्या कामाचे 10 डॉलर देऊ केले, तेव्हा वॅग्नरने आपले चित्र सिगारेटच्या पाकिटात नको असे कळवले आणि ग्रूबरचे नुकसान होऊ नये म्हणून 10 डॉलरचा धनादेश सोबत धाडला, अशी हकिकत 1912 साली ‘द स्पोर्टिंग न्यूज’ या साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. छपाई थांबवण्यात आली, पण तोवर काही कार्डे पाकिटांतून बाहेर पडली होती.

नकाराच्या कारणाविषयी मात्र एकमत नाही. लहान मुलांनी आपल्या चित्रासाठी सिगारेटी विकत घेऊ नयेत असे वॅग्नरला वाटे, हे स्पष्टीकरण सर्वाधिक सांगितले जाते. चित्राचा मोबदला न मिळाल्याने तो रुष्ट झाला, असे दुसरे मत आहे. वॅग्नर स्वतः तंबाखू चघळत असे, त्याआधी एका सिगारवर त्याचे चित्र झळकले होते, आणि 1948 च्या सुमारास निघालेल्या लीफ कंपनीच्या कार्डावर तर तो तंबाखू तोंडात घालताना दिसतो, यावरून तंबाखूचा सरसकट तिटकारा हे कारण टिकत नाही. तरीही पहिले स्पष्टीकरण अगदीच निराधार म्हणता येत नाही, कारण स्वतः व्यसन करणाऱ्या माणसाला ते पोरांच्या हाती पडू नये असे वाटणे यात काही विसंगती नाही, आणि मध्यस्थाला पदरचे पैसे पाठवणारा माणूस मोबदल्यासाठी अडून बसला असेल हे पटण्यासारखे नाही. कारण काहीही असो, त्याची परिणती अशी झाली की हजारोंच्या संख्येने छापल्या गेलेल्या संचातील या एका कार्डाच्या आज साठाच्या आतबाहेर प्रतीच ज्ञात आहेत.

यानंतरच्या तीस वर्षांत कार्डांनी तंबाखूची सोबत सोडून मुलांच्या खाऊची धरली. 1914 व 1915 मध्ये क्रॅकर जॅक या गोड लाह्या-शेंगदाण्यांच्या खोक्यांतून कार्डे निघाली, आणि 1933 साली बॉस्टनच्या गाउडी कंपनीने च्युइंगगमसोबत 240 कार्डांचा संच काढला, ज्यात बेब रूथ या त्या काळच्या सर्वांत लाडक्या खेळाडूची चार निरनिराळी कार्डे होती. या संचाचा एक प्रकार विशेष उल्लेखनीय आहे : मुलांनी कितीही पाकिटे फोडली तरी 106 क्रमांकाचे कार्ड कोणालाच मिळेना, कारण कंपनीने ते छापलेलेच नव्हते, आणि ते सापडेपर्यंत मुले गम विकत घेत राहणार हे उघड होते. तक्रारीची पत्रे येऊ लागली तेव्हा 1934 मध्ये निवृत्त खेळाडू नेपोलियन लाजोय याचे कार्ड 106 क्रमांक देऊन छापले गेले आणि ज्यांनी पत्रे लिहिली होती त्यांना टपालाने पाठवले गेले. महामंदीच्या दिवसांत एकेक पैसा जपून खर्च करणाऱ्या मुलांशी हा व्यवहार क्रूरच होता, परंतु त्यामुळे 106 क्रमांकाचे ते कार्ड पुढे सर्व गाउडी कार्डांत दुर्मीळ ठरले.

येथवरच्या इतिहासात कार्डाला विक्रीची किंमत अशी नव्हतीच. मुले ती भिंतीवर फेकून डाव खेळत, रबराने गठ्ठे बांधत, सायकलच्या आऱ्यांत अडकवून फडफड आवाज काढत, आणि दुसऱ्या महायुद्धात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमांत त्यांचे ढीग लगद्यात गेले. एखाद्या वस्तूला संग्रहमूल्य येण्यासाठी तिचा नाश व्हावा लागतो हे खरे, पण नाश पुरेसा नसतो. काय छापले गेले, किती प्रकारांत छापले गेले आणि त्यातले काय उरले याची कोणीतरी नोंद करावी लागते. हे काम ज्याने केले तो जेफर्सन बर्डिक न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे विजेच्या सामानाच्या कारखान्यात सुटे भाग जोडणारा कामगार होता. 1900 साली जन्मलेला, अविवाहित, तरुणपणापासून संधिवाताने बोटे वाकडी झालेला हा गृहस्थ बेसबॉलचा खास शौकीनही नव्हता. त्याला ओढ होती ती छापील कागदाची, मग ते सिगारेटचे कार्ड असो, नाताळचे शुभेच्छापत्र असो, किंवा पिठाच्या पोत्यासोबत आलेली जाहिरात असो.

बर्डिकने 1937 मध्ये संग्राहकांसाठी एक लहानसे वार्तापत्र सुरू केले आणि 1939 मध्ये अमेरिकन कार्डांची पहिली व्यापक सूची प्रसिद्ध केली, जिच्या वाढवलेल्या आवृत्त्या पुढे ‘अमेरिकन कार्ड कॅटलॉग’ या नावाने निघाल्या. त्याची वर्गवारी साधी होती : एकोणिसाव्या शतकातील तंबाखूच्या कार्डांना ‘एन’, विसाव्या शतकातील तंबाखूच्या कार्डांना ‘टी’, सुरुवातीच्या काळातील मिठाईच्या कार्डांना ‘ई’, अलीकडच्या गमच्या कार्डांना ‘आर’ अशी अक्षरे आणि त्यापुढे संचाचा क्रमांक. टी-206 हे नाव म्हणजे त्याच्या वहीतला दोनशे सहावा खण होय, आणि आजचा लिलावदार जेव्हा हे नाव उच्चारतो तेव्हा तो नकळत त्या कामगाराचीच भाषा बोलत असतो. बहुतेक कार्डांना बर्डिकच्या सूचीत काही पैशांचाच भाव असे, वॅग्नरच्या कार्डाला मात्र त्याने 50 डॉलर लावले, आणि त्या काळी ही रक्कम सामान्य माणसाच्या डोळ्यांत भरण्याजोगी होती. नाण्यांच्या वा टपालतिकिटांच्या संग्राहकाकडे असते तशी शास्त्रशुद्ध सूची कार्डांच्या संग्राहकाला येथे प्रथम मिळाली, आणि आपल्याकडे काय आहे यापेक्षा आपल्याकडे काय नाही हे त्याला कळू लागले.

बर्डिकच्या सूचीतही जे येऊ शकत नव्हते त्याची नोंद येथे घेतली पाहिजे. 1947 पर्यंत प्रमुख लीगमध्ये कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता, ते आपापल्या निग्रो लीगमध्ये खेळत, आणि अमेरिकेतल्या तंबाखू वा गमच्या कंपन्यांनी त्यांची कार्डे जवळपास काढलीच नाहीत. जॉश गिब्सनसारख्या अलौकिक फलंदाजाचे चित्र त्याच्या मृत्यूनंतर प्वेर्तो रिकोतील एका संचात आले, आणि सॅचेल पेज या थोर गोलंदाजाचे कार्ड लीफ कंपनीने काढले तेव्हा त्याची उमर चाळिशी ओलांडून गेली होती. जुन्या कार्डांच्या दुर्मीळतेविषयी बोलताना, जी कार्डे छापलीच गेली नाहीत त्यांची उणीव सर्वांत मोठी आहे, हे विसरता कामा नये.

दुसऱ्या महायुद्धानंतर कार्डांचा धंदा फिलाडेल्फियाच्या बोमन आणि ब्रुकलिनच्या टॉप्स या दोन गम कंपन्यांच्या झुंजीत सापडला. टॉप्समधील साय बर्गर या तरुण कर्मचाऱ्याने वुडी गेलमनच्या साथीने, ब्रुकलिनमधील आपल्या घरातील स्वयंपाकघराच्या मेजावर 1952 च्या संचाची आखणी केली : मोठा आकार, रंगीत चित्र, संघाचे बोधचिन्ह, खेळाडूची छापील स्वाक्षरी, आणि पाठीवर त्याची माहिती व मागील हंगामाची आकडेवारी. बेसबॉल कार्ड म्हटले की डोळ्यांसमोर येते ते रूप येथे घडले. 407 कार्डांचा हा संच हंगामभर टप्प्याटप्प्याने बाजारात आला, पण 311 ते 407 हा शेवटचा टप्पा येईपर्यंत हंगाम सरत आला होता, मुलांचे लक्ष फुटबॉलकडे वळले होते आणि दुकानदारांनी माल उचलला नाही. उरलेली खोकी ब्रुकलिनच्या गोदामात काही वर्षे पडून राहिली, जत्रांमध्ये मातीमोल भावाने विकण्याचा प्रयत्नही झाला, आणि अखेर 1960 साली ती कचऱ्याच्या तराफ्यावर लादून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर अटलांटिक महासागरात बुडवली, असे बर्गरने पुढे स्वतःच सांगितले.

समुद्रात गेलेल्या त्या टप्प्याचे पहिलेच कार्ड, क्रमांक 311, न्यूयॉर्क यांकीज संघाच्या मिकी मँटल याचे होते. त्याच्या किमतीची मीमांसा करताना दोन गोष्टी सहसा नजरेआड केल्या जातात. पहिली ही, की हे मँटलचे पदार्पणाचे कार्ड नव्हे. पदार्पणाचे कार्ड, ज्याला संग्राहक रूकी कार्ड म्हणतात व ज्याला एरवी सर्वाधिक मान असतो, ते 1951 मध्ये बोमनने काढले होते. दुसरी ही, की शेवटच्या टप्प्यातही हे कार्ड सर्वांत दुर्मीळ नाही, कारण छपाईच्या मोठ्या तावावर शंभर कार्डांची जागा असे, टप्प्यात मात्र 97 च कार्डे होती, आणि उरलेल्या तीन जागा भरण्यासाठी मँटल, जॅकी रॉबिन्सन व बॉबी थॉमसन यांची कार्डे दोनदा छापली गेली. तरीही किंमत मँटलच्याच कार्डाला आली, आणि याचे कारण गणितात नसून त्या पिढीच्या बालपणात शोधावे लागते. 1950 च्या दशकात दहा-बारा वर्षांचा असलेला मुलगा 1980 च्या दशकात चाळिशीत आला तेव्हा त्याच्या हाती पैसा होता, त्याची कार्डे आईने घर आवरताना केव्हाच टाकून दिली होती, आणि मँटल हा त्याच्या लेखी केवळ खेळाडू नव्हता, ते त्याचे हरवलेले अंगण होते.

बाजाराला आकार आला तो याच काळात. संख्याशास्त्राचे प्राध्यापक जेम्स बेकेट यांनी 1979 मध्ये सहकाऱ्यासह कार्डांच्या भावांची पुस्तिका प्रसिद्ध केली आणि 1984 पासून त्यांचे मासिक निघू लागले, ज्यामुळे एका गावातला भाव दुसऱ्या गावाला कळू लागला. 1986 च्या आसपास ‘मिस्टर मिंट’ या टोपणनावाने वावरणाऱ्या ॲलन रोझन या व्यापाऱ्याच्या हाती मॅसॅच्युसेट्समधील एका घरातून 1952 च्या टॉप्स कार्डांचा हजारोंचा साठा आला, ज्यांतील बरीच कार्डे छापखान्यातून नुकतीच बाहेर पडल्यासारखी कोरी करकरीत होती, आणि या बातमीने देशभरातल्या पोटमाळ्यांवर लोक चढले.

त्यापुढचे प्रकरण थोडक्यात सांगता येते, कारण ते मुळात हव्यासाचे आहे. 1980 च्या न्यायालयीन निकालाने टॉप्सची मक्तेदारी मोडताच फ्लीअर व डॉनरस या कंपन्या 1981 मध्ये उतरल्या, 1989 मध्ये अप्पर डेकने चकचकीत कागदाची व बनावटीला आळा घालणाऱ्या होलोग्रामची कार्डे आणली, आणि जुन्या कार्डांना लाखांचे भाव येताना पाहिलेल्या पालकांनी मुलांच्या शिक्षणाची तजवीज म्हणून नव्या कार्डांची खोकीच्या खोकी न फोडता ठेवून दिली. कार्डावर डाग पडतो म्हणून टॉप्सने 1992 पासून पाकिटात गम घालणेही सोडले. खाऊसोबतची भेट आता खाऊवाचून विकली जाऊ लागली होती. परंतु जे सर्वांनी जपून ठेवले ते दुर्मीळ कसे होणार? कंपन्यांनी अफाट छपाई केली, 1994 मध्ये खेळाडूंच्या संपामुळे हंगामाचा विजेता ठरवणारी विश्वमालिकाच रद्द झाली, आणि बाजार कोसळला. त्या काळातील कार्डांना आज ‘जंक वॅक्स’, म्हणजे मेणकागदातली रद्दी, असे नाव पडले आहे, कारण ती पाकिटे मेणकागदाची असत.

या पडझडीतही अस्सल जुनी कार्डे तगली, पण त्यांचे मोल ठरवण्याची रीत बदलली. पूर्वी कार्ड असणे वा नसणे हा प्रश्न होता. आता ते कोणत्या अवस्थेत आहे हा झाला. कोपरे धारदार आहेत का, चित्र चौकटीच्या मधोमध आहे का, कडा सरळ आहेत का, हे तपासून एक ते दहा अंकांत प्रतवारी करणारी आणि कार्ड पारदर्शक डबीत मोहोरबंद करून देणारी पीएसए ही संस्था 1991 मध्ये सुरू झाली. तिने प्रतवारी केलेले पहिलेच कार्ड वॅग्नरचे होते, आणि त्याला 8 अंक मिळाले, ज्याच्या जवळपासही दुसरी कोणतीही प्रत नाही. हे कार्ड 1985 मध्ये बिल मॅस्ट्रो या व्यापाऱ्याने 25 हजार डॉलरना घेतले होते. 1987 मध्ये ते 1 लाख 10 हजारांना कॅलिफोर्नियातील एका संग्राहकाकडे गेले, आणि 1991 मध्ये सदबीजच्या लिलावात आइस हॉकीचा महान खेळाडू वेन ग्रेट्झ्की व त्याचा भागीदार ब्रूस मॅकनॉल यांनी 4 लाख 51 हजारांना खरेदी केले. नंतर वॉलमार्ट दुकानांतील सोडतीत ते एका टपालखात्यातील कर्मचारी स्त्रीला बक्षीस मिळाले, बक्षिसावरचा कर भरणे शक्य नसल्याने तिने ते लगेच लिलावात काढले, आणि 1996 मध्ये 6 लाख 40 हजार, 2000 मध्ये 12 लाख 65 हजार, असे चढत 2007 साली 28 लाख डॉलरना ते ॲरिझोना डायमंडबॅक्स संघाचे मालक केन केंड्रिक यांच्याकडे आले.

शंभर वर्षांपूर्वीच्या सिगारेटच्या पाकिटातून आलेले कार्ड इतके निर्दोष कसे, ही कुजबुज संग्राहकांत पहिल्यापासूनच होती. लिलावांत खोट्या बोली लावून भाव फुगवल्याच्या खटल्यात 2013 मध्ये मॅस्ट्रोने गुन्हा कबूल केला, आणि त्यासोबतच वॅग्नरच्या त्या कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या असेही मान्य केले; 2015 मध्ये त्याला वीस महिन्यांची शिक्षा झाली. कार्डाच्या झिजलेल्या कडा कापून ते नव्यासारखे दाखवणे हा या क्षेत्रातला सर्वांत मोठा अपराध समजला जातो, आणि ज्या कार्डावर प्रतवारीच्या सगळ्या व्यवस्थेची पायाभरणी झाली तेच कापलेले निघावे, ही गोष्ट या इतिहासातली सर्वांत बोचरी आहे. तरीही त्या कबुलीने वॅग्नरच्या कार्डांचे भाव खाली आले नाहीत.

2020 मध्ये महासाथीमुळे घरी बसलेल्या लोकांनी जुने छंद पुन्हा हाती घेतले तेव्हा मागणीचा असा लोंढा आला की मार्च 2021 मध्ये पीएसएला प्रतवारीसाठी नवी कार्डे घेणे काही काळ थांबवावे लागले. ऑगस्ट 2021 मध्ये 3 अंकांच्या प्रतीचे, म्हणजे स्पष्ट झिजलेले, वॅग्नरचे कार्ड 66 लाख डॉलरना गेले, आणि पुढच्याच वर्षी 2 अंकांचे एक कार्ड खाजगी व्यवहारात 72 लाख 50 हजारांना. ऑगस्ट 2022 मध्येच, रोझनला सापडलेल्या साठ्यातले, त्याने 1991 मध्ये 50 हजार डॉलरना विकलेले मँटलचे कार्ड 1 कोटी 26 लाख डॉलरना विकले जाऊन खेळविषयक कोणत्याही वस्तूला तोवर न मिळालेली किंमत मिळवून गेले. मोडक्यातोडक्या प्रतींनाही गिऱ्हाईक होतेच : बॉल्टिमोर येथील स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम या जोगिणींच्या मठाला मृत्युपत्राने मिळालेले, तीन कडा कापलेले व प्लास्टिकमध्ये बंद केलेले वॅग्नरचे कार्ड 2010 मध्ये सुमारे अडीच लाख डॉलरना विकले गेले, आणि 2022 च्या आरंभी तर उभे फाटलेले निम्मे कार्ड पावणेपाच लाखांना गेले. या विक्रींत कागदाची अवस्था जवळजवळ गौण ठरली आणि ज्ञात साठांपैकी एखादी तरी प्रत, तिचा तुकडा का होईना, आपल्या हाती असावी ही इच्छा प्रबळ ठरली, आणि या दृष्टीने बाजार पुन्हा प्रतवारीकडून बर्डिकच्या सूचीकडे वळला असे म्हणावे लागते.

बर्डिकने आपला संग्रह विकला नाही. 1940 च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाला तो देऊ केला, मुद्राचित्र विभागाचे प्रमुख हायट मेयर यांनी त्याचे महत्त्व ओळखून तो स्वीकारला, पण अट घातली की संग्रह लावण्याचे काम त्यानेच करावे. प्रकृती खालावल्यावर नोकरी सोडून बर्डिक न्यूयॉर्कमध्ये येऊन राहिला आणि विभागाच्या एका कोपऱ्यातील मेजापाशी बसून, आखडलेल्या बोटांनी, कार्डे ओळीने अल्बमच्या पानांवर चिकटवू लागला. चिकटवलेल्या कार्डाची पाठ खराब होते आणि बाजारभाव घसरतो हे आज शाळकरी संग्राहकालाही ठाऊक असते. बर्डिकपुढे मात्र तो प्रश्नच नव्हता, कारण कोणत्याही पानावरचे कोणतेही कार्ड पुन्हा विकले जाणार नव्हते. तीन लाखांहून अधिक कागद, त्यांत सुमारे तीस हजार बेसबॉल कार्डे, आणि त्या कार्डांत वॅग्नरचेही एक, असा हा संग्रह लावून होईपर्यंत पंधरा वर्षे गेली. 10 जानेवारी 1963 रोजी शेवटचे काम आटोपून तो मोठ्या कष्टाने ओव्हरकोट अंगात चढवू लागला, आता पुन्हा येणे होणार नाही असे त्याने मेयर यांना सांगितले, दुसऱ्या दिवशी तो रुग्णालयात दाखल झाला, आणि 13 मार्च रोजी त्याचे निधन झाले.